माळ्यावरची पेटी

आमची पुतणी गेल्या वर्षीं तीन आठवड्यांच्या अभ्यासासाठीं विलायतेस जाऊन आली. साम्राज्याच्या अमदानींत नद्या, रानें व त्यांच्या आश्रयानें राहणारीं माणसें यांचें काय झालें, हा विषय. एवढ्याशा मुदतींत विद्या ती कितीशी येणार, असें मला वाटत होतें. परंतु हिंजवडीच्या आमच्या घरीं परतल्यावर पहिल्याच रात्रीं, जेवणें आटोपून सारी मंडळी बसली असतां, तिनें कापेल केलिन या वेल्समधील खेड्याची हकीकत सांगितली. लिव्हरपूल शहरास पाणी हवें म्हणून १९५७ सालीं पार्लमेंटानें कायदा केला. वेल्सच्या एकाही सभासदाचें अनुकूल मत नव्हतें. १९६५ सालीं शाळा, टपालघर, प्रार्थनामंदिर, सारें पाण्याखालीं गेलें. २००५ सालीं लिव्हरपूलच्या नगरसभेनें क्षमा मागितली.

“चाळीस वर्षांनीं कां होईना, मागितली, काका!” हें सांगतांना मुलीचा कंठ दाटून आला.

मीं विचारलें, “आणि मुळशीचें धरण पाहिलें आहेस?”

“पावसाळ्यांत गेलों होतों कीं! भजीं फार छान मिळतात तेथें.”

मंडळी हंसली, मला मात्र हंसूं आलें नाहीं. आमची हिंजवडी मुळशी तालुक्यांतच, आणि शेजारून वाहणारी मुळा त्याच धरणाकडून येते. टाटांच्या वीजयोजनेसाठीं तें बांधूं लागले, तेव्हां बावन्न गांवांवर संकट आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पुढें त्यांचे सेनापति झालेले बापट तरुणपणीं एडिंबरोस शिकून आलेले. परदेश पाहून आलेला तो पुरुष मावळच्या शेतकऱ्यांसाठीं तुरुंगांत गेला. तरीही धरण झालें. पूर्वेकडे वाहणारें पाणी घाटाखालीं भिऱ्याकडे वळलें, आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

एवढें सांगून थांबलों असतों, तर निभावलें असतें. परंतु मीं माळ्यावरची पेटी खालीं काढली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. कित्येकांनीं नुकसानभरपाई पत्करली, आणि लढ्याचें बळ खचलें. त्या सावकारांत आमचे पणजोबा होते. त्या रकमेंतून पुण्याचा वाडा उभा राहिला, आणि वाड्याच्या विक्रींतून हें घर.

वहिनी म्हणाल्या, “पणजोबांचें कर्म पोरांच्या माथीं कशाला, भाऊजी?” त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हे. पणजोबांनीं कायद्याबाहेर कांहीं केलें नव्हतें. पण लिव्हरपूलनें तरी कोठें केलें होतें?

मुलगी कागद चाळीत होती. कुळांचीं नांवें आणि निशाणीचे अंगठे पाहून ती हळूच म्हणाली, “मग येथें क्षमा कोणीं मागायची, काका?”

मला उत्तर सुचलें नाहीं. दूरच्या अन्यायावर रडणें सोपें असतें. त्यांत आपलें कांहीं जात नाहीं. पेटी पुन्हा माळ्यावर गेली नाहीं. मुलीनें त्या नांवांची यादी करून घेतली आहे. त्यांचे वंशज कोठें आहेत, याचा शोध ती सुटीच्या दिवशीं पौडाकडे जाऊन घेत असते. गेल्या रविवारीं वहिनींनीं न सांगतां तिला डबा बांधून दिला, आणि गाडींत शेजारीं मी बसलों.