बाहीवरचे घड्याळ

३ जून १९६५ रोजी जेमिनी ४ या यानाचे दार उघडले आणि एड व्हाइट हे अवकाशात तरंगणारे पहिले अमेरिकन ठरले. आत बसलेले त्यांचे सहकारी जेम्स मॅकडिव्हिट यांनी त्या वीसेक मिनिटांत जी छायाचित्रे घेतली, ती पुढे जगभरच्या नियतकालिकांत छापून आली. खाली निळी पृथ्वी, मागे काळे आकाश, सोनेरी दोरीला बांधलेला पांढऱ्या पोशाखातील माणूस. पाहणाऱ्याची नजर साहजिकच आधी पृथ्वीकडे जाते, मग चेहरा झाकणाऱ्या सोनेरी काचेकडे. बाहीकडे कोणी पाहत नाही. पण बाहीवर, पोशाखाच्या बाहेरून, एक मनगटी घड्याळ बांधलेले आहे.

ते घड्याळ ज्या स्विस कंपनीने बनवले होते, त्या ओमेगाला आपले घड्याळ अवकाशात गेल्याचे या छायाचित्रांवरूनच कळले, असे ती कंपनी स्वतःच सांगत आली आहे. त्यानंतर लवकरच स्पीडमास्टरच्या तबकडीवर ‘प्रोफेशनल’ हा शब्द आला. बनवणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट छायाचित्राला ठाऊक होती. अवकाशातील घड्याळांच्या इतिहासात हे एकदाच घडलेले नाही, आणि म्हणूनच तो इतिहास कागदपत्रांइतकाच छायाचित्रांतून वाचावा लागतो.

कोट्यवधी डॉलरची याने आणि संगणक हाताशी असताना मनगटी घड्याळाची गरज काय होती? नासात या घड्याळांचे काम पाहणारे अभियंता जेम्स रेगन यांच्या दृष्टीने ते पर्यायी साधन होते. यानातील घड्याळ बंद पडले, जमिनीशी संपर्क तुटला, तरी माणसाच्या अंगावर वेळ मोजणारे काहीतरी उरले पाहिजे, इतकीच अपेक्षा. क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आले तेच मुळी १९६९च्या डिसेंबरात. त्यामुळे त्या काळी प्रश्न होता तो स्प्रिंगवर चालणाऱ्या, चक्रे आणि काटे असलेल्या यंत्राचा.

आरंभीच्या काळात अंतराळवीर आपापल्या आवडीची घड्याळे नेत. १९६२च्या फेब्रुवारीत जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा त्यांच्या मनगटावर होते ते पट्ट्याने बांधलेले ह्यूअर कंपनीचे स्टॉपवॉच. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर यांनी चोवीस तासांची तबकडी असलेले ब्राइटलिंग नेले. परतताना यान समुद्रात उतरले आणि खाऱ्या पाण्याने त्या घड्याळाचा निकाल लागला. ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा यांनी आपले खासगी स्पीडमास्टर नेले. हे घड्याळ १९५७ साली बाजारात आले, ते मोटारशर्यतींसाठी. काठावरची आकड्यांची पट्टी गाडीचा वेग काढण्यासाठी होती आणि ती पट्टी तशीच चंद्रापर्यंत गेली. चंद्रावर तिचा काय उपयोग, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

पुढे डीक स्लेटन यांच्या मागणीवरून नासाने रीतसर घड्याळे मागवली. परीक्षेला ओमेगा, रोलेक्स आणि लाँजिन-विटनॉअर यांची क्रोनोग्राफ घड्याळे बसली. हॅमिल्टनने खिशात ठेवायचे घड्याळ पाठवले, ते मनगटी नसल्याने बाद झाले. मग जे झाले त्याला परीक्षेपेक्षा छळ म्हणणे अधिक योग्य. ७१ अंश सेल्सियस उष्णतेत ४८ तास आणि लगेच ९३ अंशांत अर्धा तास. उणे १८ अंशांत चार तास. ९५ टक्के दमट हवेत २४० तास. वेगवेगळ्या सहा दिशांनी ४० जी इतके धक्के. त्याखेरीज निर्वात पोकळी, शुद्ध प्राणवायू, कंपने आणि १३० डेसिबलचा गोंगाट. एक स्पर्धक दमटपणात थांबला. दुसऱ्याची काच उष्णतेने वाकून जागेवरून सुटली. स्पीडमास्टरही काही धक्के खाऊन बाहेर आले, पण चालत राहिले. १ मार्च १९६५ रोजी ते मानवी अवकाशमोहिमांसाठी पात्र ठरले.

दुसऱ्या घड्याळाची काच सुटली होती, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

अपोलो ११ची गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ती थोडी चुकीची ठाऊक असते. नील आर्मस्ट्राँग यांचे घड्याळ चंद्राच्या मातीवर उतरलेच नाही. ‘ईगल’मधील वेळ दाखवणारे यंत्र बिघडले होते, म्हणून त्यांनी आपले स्पीडमास्टर यानातच ठेवले. बाहेर जे घड्याळ होते ते बझ आल्ड्रिन यांचे. कॅमेरा बहुतांश वेळ आर्मस्ट्राँग यांच्या हातात होता, त्यामुळे त्या पहिल्या पदयात्रेची जवळजवळ सारी प्रसिद्ध छायाचित्रे आल्ड्रिन यांची आहेत. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा माणूस चित्रांत क्वचितच दिसतो, आणि त्याचे घड्याळ बाहेर नव्हतेच. आल्ड्रिन यांचे घड्याळ पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवले असता वाटेत गहाळ झाले, ते आजतागायत सापडलेले नाही. आर्मस्ट्राँग यांचे घड्याळ मात्र जपले गेले. जे चंद्रावर चालले ते हरवले, जे आत थांबले ते राहिले. चंद्रावरच्या पहिल्या घड्याळाचे चित्र आपल्याजवळ आहे, घड्याळ नाही.

छायाचित्रांवर इतका विश्वास टाकताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्पीडमास्टरच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे चौदा सेकंद १९७०च्या एप्रिलमध्ये अपोलो १३वर आले. स्फोटानंतर वीज वाचवण्यासाठी संगणक बंद ठेवलेले, मार्ग किंचित चुकलेला, आणि तो सुधारण्यासाठी इंजिन नेमके चौदा सेकंद चालवायचे. जिम लव्हेल आणि फ्रेड हेस यांनी यान हाताने सांभाळले, जॅक स्विगर्ट यांनी मनगटावर वेळ मोजली. कमी पडले असते किंवा जास्त झाले असते, तर वातावरणात शिरण्याची अरुंद वाट हुकली असती. त्या मोहिमेतील लोकांच्या स्मरणात राहिलेले छायाचित्र आहे ते पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी यांनी तयार केलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या पेटीचे. मनगटाचे नाही. चौदा सेकंद मोजणाऱ्या माणसाकडे कॅमेरा रोखायला कोणाचा हात रिकामा असणार होता?

आणि आता अपोलो १५, १९७१चा उन्हाळा. डेव्ह स्कॉट आणि जेम्स अर्विन हॅडली दरीच्या काठी उतरले, चंद्रावर प्रथमच गाडी चालवली आणि तीन वेळा बाहेर पडले. दुसऱ्या फेरीनंतर यानात परतल्यावर स्कॉट यांच्या लक्षात आले की आपल्या स्पीडमास्टरची काच नाही. चाचणीत ज्या दोषामुळे एक प्रतिस्पर्धी मागे पडला होता, तसाच प्रकार चाचणीत उत्तीर्ण झालेल्या घड्याळाच्या वाट्याला प्रत्यक्ष चंद्रावर आला. प्रयोगशाळेने खोटे सांगितले, असा याचा अर्थ नव्हे. प्रयोगशाळेने ठरलेले प्रश्न विचारले होते; चंद्रावरच्या धुळीत, उन्हात आणि निर्वातात तासन्‌तास राबणाऱ्या हातावर आणखी काही प्रश्न उभे राहिले, इतकेच.

स्कॉट यांच्याजवळ दुसरे घड्याळ होते. ते बुलोव्हा या अमेरिकन कंपनीचे क्रोनोग्राफ. कंपनीने त्यांना वापरून पाहण्यासाठी दिलेले, पण नासाच्या मान्यताप्राप्त सामानात नसलेले. त्यामागे एक जुनी चुरस होती. अमेरिकेच्या करदात्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेत अमेरिकन माणसाच्या हातावर स्विस घड्याळ का, हा प्रश्न बुलोव्हाला बोचत होता. कंपनीचे अध्यक्ष होते दुसऱ्या महायुद्धातील नामांकित सेनापती ओमर ब्रॅडली, तेव्हा तो प्रश्न विचारणारा आवाज लहान नव्हता. तरीही रीतसर मार्गाने बुलोव्हाचे मनगटी घड्याळ चंद्रावर जाऊ शकले नाही. ते गेले ते एका मोहीमप्रमुखाच्या खासगी निर्णयाने.

हा निर्णय हौसेचा होता की गरजेचा? मोहिमेचे प्रमुख म्हणून प्राणवायू आणि थंडावा देणारे पाणी किती उरले, याचा हिशेब स्कॉट यांना वेळेवरच बांधावा लागत होता. काच नसलेले घड्याळ बांधून बाहेर जाणे किंवा घड्याळाविना जाणे, याहून मान्यता नसलेले पण धड असलेले घड्याळ बांधणे त्यांना शहाणपणाचे वाटले. नियमाच्या दृष्टीने ही चूक होती, कामाच्या दृष्टीने ती नव्हती. याच मोहिमेत परवानगीशिवाय नेलेल्या टपाल-लिफाफ्यांमुळे पुढे स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर ठपका आला. त्या प्रकरणात मागाहून पैशाचा प्रश्न होता, घड्याळाच्या बाबतीत पुढच्या काही तासांचा. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल, आणि घड्याळ नेल्याबद्दल स्कॉट यांना निर्दोष नायक ठरवणेही तितकेच घाईचे.

२ ऑगस्ट १९७१ची तिसरी फेरी सुमारे चार तास पन्नास मिनिटांची होती. त्या फेरीतील हॅसलब्लाड छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर स्कॉट यांच्या बाहीवरचे घड्याळ आधीच्या फेऱ्यांतील घड्याळाहून वेगळे आहे, हे ओळखू येते. याच फेरीच्या अखेरीस त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून एका हातातला हातोडा आणि दुसऱ्या हातातले पीस एकाच वेळी सोडले, आणि दोन्ही एकदमच जमिनीला टेकली. गॅलिलिओला चंद्रावरून दिलेली ती सलामी शाळाशाळांतून दाखवली जाते. त्या धूसर चित्रफितीत घड्याळ ओळखता येत नाही, पण बाहीवर होते ते बुलोव्हाच. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये ते लिलावात सुमारे १६ लाख २५ हजार डॉलरना गेले. चंद्रावर वापरलेली अधिकृत स्पीडमास्टर घड्याळे सरकारी मालमत्ता असल्याने ती विकता येत नाहीत. हे विकता आले, ते ते कोणाच्या यादीत नव्हते म्हणूनच.

बाहीने इतिहास दुरुस्त केल्याचे आणखी एक उदाहरण पृथ्वीच्या जवळचे आहे. आपोआप किल्ली बसणारे पहिले क्रोनोग्राफ अवकाशात कधी गेले, या प्रश्नाला बरीच वर्षे एकच उत्तर मिळे: १९८५, जर्मन अंतराळवीर राइनहार्ट फुरर, घड्याळ झिन कंपनीचे. पण विल्यम पोग यांची स्कायलॅब स्थानकावरील छायाचित्रे आधीपासून उपलब्ध होती. पोग १९७३च्या नोव्हेंबरात वर गेले आणि ८४ दिवस राहिले. त्यांच्याजवळ नासाने दिलेले स्पीडमास्टर होतेच. छायाचित्रांत मात्र पिवळ्या तबकडीचे सेको दिसते. सरावाच्या काळात त्यांनी ते स्वतःच्या पैशाने विकत घेतले होते, हाताला सवय झाली होती, आणि परवानगी न विचारता ते सोबत गेले. वजन नसेल तिथे आपोआप किल्ली बसेल का, अशी शंका अनेकांना येई. पण आतले फिरते वजन केवळ गुरुत्वामुळे हलत नाही. हात झटकला की जडत्वामुळे ते मागे राहते, घड्याळ त्याच्याभोवती फिरते आणि स्प्रिंग आवळली जाते. पोग यांचे घड्याळ चालत राहिले.

हे सारे त्या छायाचित्रांत तीन दशके उघड्यावर पडलेले होते. संग्राहकांनी तबकडीचा रंग ओळखला, पोग यांना विचारले, त्यांनी होकार दिला आणि फुरर यांच्या नावावरचा पहिला क्रमांक बारा वर्षे मागे सरकला. २००८ साली ते सेको लिलावात निघाले. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी त्यातून जे जमले, ते सहा हजार डॉलरच्या आसपास होते.