एसएमपीएस कुठला घ्यायचा?

घरी सर्व्हर बांधतोय म्हटलं की लोक लगेच विचारतात, "प्रोसेसर कुठला? रॅम किती?" एसएमपीएस कुठला, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. (दुकानात 'पॉवर सप्लाय' म्हणालात तर समोरचा क्षणभर बघत राहतो. एसएमपीएसच म्हणायचं.) मी मात्र गेले तीन वीकएंड फक्त त्याच्याच मागे घालवलेत. बायकोच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. असेलही, पण ऐकून तर घ्या.

सर्व्हरवर काय राहणार ते आधी सांगतो. आजीच्या अकरा कॅसेट्स. काकांनी तिच्या जात्यावरच्या ओव्या आणि गप्पा टेप करून ठेवल्या होत्या. त्यातल्या चारांना आता बुरशी लागलीय, त्या परत वाजणार नाहीत. म्हणजे तेवढा आजीचा आवाज आता फक्त फायलींमध्ये आहे. बाकी फोटो, बाबांचे स्कॅन केलेले कागद वगैरे आहेतच.

म्हणून दोन डिस्क घेतल्या, मिररिंग केलं. एक गेली तरी दुसरी आहे. मस्त! पण दोघींना वीज कुठून येते? एकाच एसएमपीएसमधून. त्याची बारा व्होल्टची लाइन जर भलतीच वर चढली, तर आधी ही आणि मग ती असं काही होत नाही, दोघी एकदम जातात. माझ्या एका मित्राकडे कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला एसएमपीएस होता. एका संध्याकाळी फट्ट आवाज, जळका वास, आणि मदरबोर्डासकट दोन्ही डिस्क खलास. माझी एक प्रत नाशिकला ताईकडे आहे, पण तिच्यापर्यंत जायची वेळच येऊ नये ना!

तर शोध सुरू. पहिली अडचण म्हणजे खोक्यावरचा '८० प्लस'चा बिल्ला. ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम... ऐकायला ऑलिंपिक. पण हा बिल्ला वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ९० टक्के कार्यक्षमता. एसएमपीएस किती वर्षं टिकेल, बिघडताना काय करेल, याबद्दल बिल्ला गप्प! आणि टायटॅनियम सोडलं तर चाचणी २० टक्के लोडच्या खाली जातच नाही. माझा सर्व्हर बहुतेक वेळ ३५ वॅटवर निवांत बसलेला असतो, म्हणजे ५५० वॅटच्या साडेसहा टक्केसुद्धा नाही.

मग बघायचं काय? माझ्या मते आधी प्रोटेक्शन. एटीएक्स स्पेसिफिकेशनप्रमाणे बारा व्होल्टची लाइन १५.६ व्होल्टच्या पुढे जायच्या आत एसएमपीएसने स्वतःला बंद करायला हवं. मित्राच्या डब्याने नेमकं हेच केलं नसावं. मग रिपल, तो बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत. हे आकडे खोक्यावर सापडत नाहीत, उघडून मोजणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचावे लागतात. गेले ना दोन रविवार त्यातच.

त्यानंतर कपॅसिटर. इंजिनीअरिंगला पाठ केलेला एकमेव उपयोगी नियम म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला तर ३२,००० तास. ऑफिसच्या पीसीला खूप झाले, पण चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला जेमतेम पावणेचार वर्षं! तोच ५५ अंशांवर राहिला तर सव्वासात. ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर असेल तर गणित तुम्हीच करा. म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते बघायचं. बनवणाऱ्याने हेच गणित आपल्याआधी केलेलं असतं.

आता आपला खास देशी विषय, इन्व्हर्टर. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंत मध्ये एक फट पडते. 'यूपीएस' मोडवर साधारण दहा मिलिसेकंद, साध्या मोडवर त्याहून बरीच जास्त. एसएमपीएस पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, ३५ वॅटवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे इथे जरा मोठा एसएमपीएस घेतल्याचा फायदाच. पण इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस कधीकधी कुरकुरतात, चक्क बंदही पडतात. आमचा साइन वेव्हचा आहे. बटण मात्र 'साध्या'वर होतं, बॅटरी कमी खाते म्हणून बाबांनी ठेवलेलं.

"बाबा, हे यूपीएसवर राहू दे."

"का रे, काय फरक पडतो?"

"आजी राहते त्यावर."

बाबा काही बोलले नाहीत. बटण अजून यूपीएसवरच आहे :)

शेवटी सीझॉनिकचा फोकस मालिकेतला ५५० वॅटचा गोल्ड घेतला. ही कंपनी स्वतः बनवते, नुसतं लेबल लावत नाही, आणि वॉरंटी दहा वर्षांची. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्याशा मशीनला कशाला? एवढ्यात अजून एक डिस्क येईल." बरोबर आहे, येईल. पण तीसुद्धा याच लाइनवर लटकणार ना!

जोडताना एक गोष्ट. मॉड्युलर केबल्स दिसायला सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्या ब्रँडची केबल नीट बसते आणि डिस्क जाळते. त्यामुळे उरलेल्या केबल्स एका पिशवीत घालून, वर मार्करने नाव लिहून, सर्व्हरच्याच मागे ठेवल्यात. माळ्यावर टाकल्या असत्या तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत आईने त्या इतर वायरींच्या ढिगात घातल्या असत्या.