शेपटाचे पाणी

थंडीत शेकोटीभोवती बसावे, एवढेच आम्हां पिंगळीकरांना ठाऊक. घराची फरशीच ऊन करतात, हे आक्काकडून कळले. ती जर्मनीत मुलाकडे असते. तिथे फरशीखाली नळ्यांची वेटोळी असतात आणि त्यांतून कोमट पाणी खेळते. परंतु दिवाणखाना उबदार, आक्काची टोकाची खोली मात्र गार! "म्हातारीच्या वाट्याला हेच," असे ती फोनवर बोलून गेली. सुनेच्या मनाला ते लागले.

दोष कुणाचाच नव्हता. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरांचा. मुखाशी पाणी मुबलक, शेपटाला टिपूस नाही, हे परभणीकराला का शिकवायला हवे? पाणी आखूड वाट धरते. भाच्याला म्हटले, "जवळच्या खोल्यांच्या तोट्या जरा आवळ." कारागिराने आधी नळ्यांत अडकलेली हवा काढली, मग तेच केले. फरशी सावकाश तापते. दुसऱ्या दिवशी आक्काच्या पायांना ऊब लागली.

कोरियातल्या जुन्या घरांत चुलीचा धूर फरशीखालून फिरवीत. चुलीलगतची ऊन जागा वडीलधाऱ्यांची असे. भाच्याचा दिवाणखाना आता थोडा कमी तापतो. सून म्हणते, "चालेल, मामा. आम्ही पायमोजे घालतो."