ओस्ताल, हॉस्टेल आणि परक्यांचा आसरा

स्पॅनिश भाषेत शब्दारंभीचा 'ह' लिहिला जातो, उच्चारला मात्र जात नाही. त्यामुळे इंग्रजी 'हॉस्टेल'शी एका स्वराच्या अंतरावर असलेला तिकडचा शब्द कानाला 'ओस्ताल' असा ऐकू येतो. अंतर एका स्वराचे असले तरी राहणाऱ्याच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. ओस्ताल म्हणजे लहानसे, पुष्कळदा एखाद्या कुटुंबाने चालवलेले निवासस्थान. खोली स्वतंत्र, दाराला स्वतःचे कुलूप. न्हाणीघर कधी खोलीत, कधी बोळाच्या टोकाला. इमारतीच्या दारावरील निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'एच-एस' असे लिहिलेले असते. त्याहून साधे ते 'पेन्स्योन'. आणि ज्याला आपण हॉस्टेल म्हणतो, एका खोलीत सहा, आठ, बारा दुमजली खाटा, ते 'आल्बेर्गे'. या तीन शब्दांच्या संगतीत आम्ही दोघांनी २०२४ सालचा अख्खा पावसाळा काढला.

बार्सेलोनाला जाण्याचे आमचे कारण सांगितले तर काहींना हसू येईल. दोन किहोते या शहरात आला होता. सर्व्हान्तेसच्या कादंबरीच्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात तो आणि सांचो इथे येतात, आयुष्यात प्रथमच समुद्र पाहतात, आणि रुइदेराच्या तळ्यांहून तो फारच मोठा आहे असे त्यांना वाटते. याच शहराच्या पुळणीवर पुढे त्याचा निर्णायक पराभव होतो. वर्गात कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा उगम शिकवताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे या पुस्तकापाशी येऊन थांबतो. ती पुळण एकदा पाहावी असे वाटत होते. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची थोडी रक्कम शिल्लक होती. आमच्यापैकी एक कायम सेवेत आहे. दुसरी व्यक्ती चाळिशी ओलांडूनही तासिका तत्त्वावरच शिकवते, म्हणजे सुट्टी पडली की वेतन थांबते. दिवाळीची सुट्टी आणि पैशांचा मेळ घालायचा तर राहण्याच्या खर्चावरच कात्री चालवणे भाग होते. विमानाचे भाडे आपल्या हातात नसते.

किहोतेला हा प्रश्न पडला नव्हता. त्याला सराई हा किल्ला वाटे, आणि किल्ल्यात पाहुण्याने भाडे द्यायचे नसते, या तत्त्वावर तो एका सराईतून पैसे न देता निघूनही जातो. शिक्षा भोगतो सांचो; त्याला घोंगडीत घालून उडवले जाते. गंमत म्हणजे त्याआधी पहिल्याच सराईच्या मालकाने किहोतेला बजावलेले असते की बाबा रे, प्रवासाला निघताना पैसे आणि स्वच्छ सदरे जवळ बाळगावेत. परदेश प्रवासावर आजवर आम्ही जेवढे सल्ले वाचले त्यांत याहून नेमका सल्ला आम्हांस आढळला नाही.

आता सराईचा मालक राहिला नाही, व्हिसा आला. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे जागा न पाहता, वास न घेता, जिना न मोजता, तीन महिने आधी घरी बसून निवड करायची. स्वस्त दर बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचा असतो. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम बुडाली. रद्द करता येणारा दर थोडा चढा. आमच्यासारख्यांनी हा चढा दर विम्याचा हप्ता समजून भरावा, असे आमचे मत झाले. याखेरीज किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा खराखुरा प्रवासविमाही लागतोच, तो निराळा.

पहिला विचार अर्थातच आल्बेर्गेचा झाला. सर्वांत स्वस्त तेच, अशी सार्वत्रिक समजूत आहे. एकट्या विशीतल्या मुलासाठी ती खरीही आहे. पण आम्ही दोघे होतो. आम्हांस दिसलेला नोव्हेंबरमधील एका खाटेचा दर २८ युरो होता. दोन खाटांचे ५६. त्यात टॉवेलचे भाडे, कपाटासाठी कुलूप, सकाळच्या न्याहारीचे वेगळे पैसे. उलट बोळाच्या टोकाला न्हाणीघर असलेली ओस्तालमधील दोघांची खोली ६४ युरोंना मिळत होती. प्रश्न आठ युरोंचा उरला, तोही टॉवेल धरला तर त्याहून कमी. काही ठिकाणी वयाची वरची मर्यादाही होती. पस्तिशीनंतर माणूस वरच्या खाटेवर चढू नये, असे कोणी ठरवले कोण जाणे; पण गुडघ्यांचे मत विचारले असते तर ते त्या नियमाच्या बाजूने पडले असते. एका बाबतीत मात्र आल्बेर्गे सरस. तिथे सामाईक स्वयंपाकघर असते. ओस्तालमध्ये ते बहुधा नसते, आणि शाकाहारी माणसाला ही उणीव जाणवते. (टोमॅटो चोळलेला पाव, वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ, हा कातालान लोकांचा रोजचा पदार्थ आम्हांस तारून गेला. सोबत नेलेले मेतकूट त्यावर विसंगत लागत नाही.)

या हिशेबात एक रक्कम संकेतस्थळांवर पुष्कळदा ठळकपणे दिसत नाही, ती पर्यटनकराची. कातालोनियात तो २०१२ पासून आहे, आणि २०२१ पासून बार्सेलोनाची पालिका त्यावर स्वतःचा वाटा चढवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो वाटा वाढला. आम्ही पोहोचलो तेव्हा ओस्तालमध्ये माणशी रात्रीला एकूण पाच युरो द्यावे लागत होते. दोन माणसे, सात रात्री: सत्तर युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा हजारांहून अधिक रुपये. तासिकांच्या भाषेत त्याचा हिशेब आम्ही केला. तो इथे देत नाही.

खरा पेच पुढे होता. समुद्राला लागून बार्सेलोनेता नावाची वस्ती आहे, आणि तिथे एक लहानसे घर आठवड्याच्या बोलीने मिळत होते. किमतीत ओस्तालच्या जवळपास, शिवाय स्वयंपाकघर, आणि खिडकीतून मान बाहेर काढली तर समुद्र. किहोतेची पुळण दारात! या वस्तीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १७१४ साली शहर पडले, त्यानंतर विजेत्यांनी किल्ला बांधण्यासाठी रिबेरा भागातील घरे पाडली. पुढे कित्येक वर्षांनी, १७५३ पासून, समुद्रकाठी आखीव गल्ल्यांची ही वस्ती उभी राहू लागली. मूळची ठेंगणी घरे नंतर उंच झाली, आणि आतून विभागली गेली. घराचा चौथा हिस्सा म्हणजे एक बिऱ्हाड. क्षेत्रफळ जेमतेम तीस चौरस मीटरांच्या आसपास, आपल्या हिशेबी सव्वातीनशे चौरस फूट. कोळी, गोदीकामगार, कारखान्यातील बायामाणसे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गिरगावातील दोन खोल्यांत आमच्यापैकी एकाचे बालपण गेलेले असल्याने छायाचित्रातील तो पलंग, त्यावरच्या दोन शोभेच्या उशा आणि भिंतीवर टांगलेले सुकाणू पाहून प्रश्न पडला, की इथे पूर्वी किती माणसे झोपत असतील, आणि ती आता कुठे झोपतात?

हा प्रश्न आमच्या हळवेपणातून निघालेला नव्हता. ऑगस्ट २०१४ मध्ये याच बार्सेलोनेतातील रहिवासी पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. २०१५ मध्ये घरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या आदा कोलाउ महापौर झाल्या. २०१७ मध्ये पालिकेने पर्यटकनिवासांवर निर्बंध घालणारा आराखडा संमत केला. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केले की पर्यटकघरांचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणले जातील. ज्या कायद्याच्या आधारे हे करायचे तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला. आमची शोधाशोध चालू होती त्याच जुलै महिन्यात मोर्चेकऱ्यांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या खेळण्यातल्या पिस्तुलांनी फवारे मारले. ती दृश्ये आपल्याकडील वाहिन्यांवर विनोदाचा विषय म्हणून दाखवली गेली. आम्हांस त्यात विनोद फारसा दिसला नाही.

मेर्से रोदोरेदा यांची १९६२ सालची 'ला प्लासा देल दियामान' ही कादंबरी याच शहरातील ग्रासिया भागात घडते. नायिकेचा नवरा गच्चीवर कबुतरे पाळतो. हळूहळू कबुतरे घरात शिरतात, खोल्या व्यापतात, आणि घरमालकीण आपल्याच घरात त्यांची झाडलोट करणारी होऊन बसते. लेखिकेच्या मनात पर्यटक नव्हते हे उघड आहे. पण त्या दिवसांत ही कादंबरी आमच्या डोक्यातून जाईना.

यावर आमच्या दोघांत मतभेद झाला, आणि तो बराच टिकला. एकाचे म्हणणे असे, की त्या घराला रीतसर परवाना आहे (जाहिरातीत 'एच यू टी बी'ने सुरू होणारा क्रमांक होता, तो पाहून घ्यावा, नसेल तर त्या वाटेला जाऊ नये), मग आम्ही न घेतल्याने कोणता कोळी तिथे परत येणार आहे? घर दुसरा कोणी तरी घेईलच. युरोपातून दोन तासांच्या विमानाने शनिवार-रविवार मद्य प्यायला येणारे आणि आयुष्यात एकदाच येणारे दोन मास्तर यांना एकाच पारड्यात का घालावे? दुसऱ्याचे म्हणणे, की प्रत्येक जण स्वतःला असाच अपवाद समजतो. आणि ओस्ताल हे मुळातच पाहुण्यांसाठी असलेले ठिकाण आहे, तिथे आपण कोणाच्या चुलीवर चूल मांडत नाही. पहिल्या युक्तिवादाला उत्तर नाही, हे आजही आमचे मत आहे. तरीही आम्ही ते घर घेतले नाही. मनाला न पटणाऱ्या खिडकीतून समुद्र पाहण्यात मजा आली नसती, एवढेच कारण त्या वेळी पुरेसे वाटले.

ओस्ताल मिळाले एशाम्पला भागात. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानुसार वसलेला हा भाग नकाशात बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. प्रत्येक चौकाचे कोपरे तासलेले. सेर्दाला प्रत्येक चौकात मोकळी बाग हवी होती. पुढे जमिनीचे भाव वाढले आणि बहुतेक बागा बांधकामाखाली गेल्या. इथून समुद्र चालत पाऊण तासावर. पण पासेज दे ग्रासिया स्थानक जवळ, आणि विमानतळावरून 'आर-२ नॉर्द' ही गाडी तिथेच येते. दहा फेऱ्यांचे 'टी-काज्युआल' तिकीट या गाडीला चालते. विमानतळाच्या मेट्रोला मात्र चालत नाही, तिथे वेगळे महाग तिकीट घ्यावे लागते. हे ज्याला ठाऊक आहे तो पहिल्याच दिवशी एका जेवणाचे पैसे वाचवतो.

पत्त्यात दुसरा मजला असे लिहिले होते. इथल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'एंत्रेस्वेलो' म्हणजे अधला मजला, त्यावर 'प्रिन्सिपाल' म्हणजे पूर्वी मालक राहत तो मुख्य मजला, आणि मग कुठे पहिला मजला सुरू होतो. दुसरा मजला म्हणजे चार जिने. लिफ्ट होती, तीत एक माणूस अथवा एक बॅग मावे. खोली आम्ही 'आतली' घेतली होती, कारण ती स्वस्त असते. तिची खिडकी रस्त्याकडे उघडत नाही, इमारतीच्या पोटातील उजेडाच्या विहिरीत उघडते. आकाश दिसायला मान उंच करावी लागते. पण त्या विहिरीतून रात्री दहा वाजता भांड्यांचे आवाज, कोणाचा तरी खोकला, तळलेल्या लसणाचा वास येई, आणि रस्त्यावरचा गोंगाट मुळीच येत नसे. पायाखाली जुन्या रंगीत नक्षीच्या फरश्या. तळकोकणातील घरगुती निवासांत जसा यजमानाचा देव्हारा आपल्या खोलीला लागून असतो, तसे इथे मालकिणीचे शिवणयंत्र आमच्या दाराबाहेर होते.

रावाल भागातील किराणा दुकानात गुजरातचा, म्हणजे पाकिस्तानी पंजाबातील त्या नावाच्या जिल्ह्याचा, एक तरुण भेटला. 'बाजी, कितने का कमरा लिया?' त्याने पहिलाच प्रश्न केला. आकडा ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, की तुमच्या चार रात्रींत माझा महिना जातो. खोलीत आम्ही चौघे आहोत. त्याने कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत.

सर्व्हान्तेसने या शहराचे कौतुक करताना परक्यांचा आसरा या अर्थाने जो शब्द योजला आहे तो 'आल्बेर्गे' हाच. मालकीणबाईंना हे ठाऊक होते. त्यांच्या शाळेत ते पाठ करून घेत, असे त्या म्हणाल्या. वय सत्तरीच्या पुढे. लहानपणी आईबरोबर आंदालुसियातून आलेल्या. आईने आधी दक्षिणेकडील मजूर भाडेकरू म्हणून ठेवले, मग विद्यार्थी, मग प्रवासी. मजला त्यांच्या मालकीचा नाही. करार २०२७ मध्ये संपतो, आणि इमारत एका कंपनीने विकत घेतली आहे. ती कंपनी मजल्यावरच्या खोल्या काही महिन्यांच्या कराराने देणार असे त्यांनी ऐकले होते. मोबाइलवरील भाषांतराच्या आधाराने आम्हांस एवढे कळले.

पुळणीवर आम्ही तीनदा गेलो. किहोते पडला ती जागा कोणी दाखवू शकत नाही, आणि आजची पुळण बव्हंशी १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने घडवलेली आहे. त्याआधी त्या किनाऱ्यावर कारखाने होते आणि सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती. ती १९६६ मध्ये हटवली. आता त्या नावाची एक पुळण आहे, आणि तिथे ऊन खाणारी माणसे होती.

निघण्याच्या सकाळी बाईंनी हाताने बिल लिहिले. कराची रक्कम वेगळ्या ओळीत, खाली दोन रेघा. करार संपल्यावर कुठे जाणार, असे आम्ही विचारले. ओस्पितालेतला, बहिणीकडे, असे उत्तर आले. शहराला चिकटूनच असलेले ते गाव. यात्रेकरूंसाठी मध्ययुगात बांधलेल्या आसऱ्यावरून त्याला हे नाव पडले. त्या नावातलाही 'ह' उच्चारत नाहीत. भाडे तिथेही वाढले आहे, असे म्हणून त्यांनी सुटे पैसे मोजून दिले.