एबी म्हणजे शून्य नव्हे!

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा पोटात गोळाच आला. कॉन्व्हेंटची पोर मी! एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन, हे अजूनही मनात मोजावं लागतं. तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गोष्ट चुडाव्याची. नांदेडहून पूर्णेकडे जाताना लिंबगावनंतर येतं ते स्टेशन. माझं आजोळ. मामा जवळच्याच एका गावात शिक्षक आहेत. मागच्या फेब्रुवारीत गेले तर मामा ओसरीवर नववीच्या घटक चाचणीचे मार्क घेऊन बसलेले. मुलं ३८, आणि सगळी बेरीज कॅल्क्युलेटरवर! मी ऐटीत म्हटलं, "द्या इकडे मामा, पाच मिनिटांत करून देते."

कारण माझ्या लॅपटॉपमध्ये पांडाज होतं ना! अस्वलाशी त्याचा काही संबंध नाही बरं का, नाव आलंय 'पॅनल डेटा'वरून. वेस मॅकिनी याने २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत असताना ही पायथनची लायब्ररी लिहायला घेतली. गुंतवणुकीच्या आकड्यांसाठी जन्मलेली वस्तू आता आमच्या ओसरीवर!

मार्क टाइप केले, गणिताची सरासरी मागितली आणि... एरर! रकान्यात सात ठिकाणी 'एबी' होतं. आकड्यांत असा शब्द घुसला की पांडाज सगळा रकानाच मजकूर समजतं. मी सरळ एबीच्या जागी शून्य टाकलं. सरासरी २० पैकी ९.७९. मामांचा चेहरा उतरला. मग शून्य काढून जागा रिकामी ठेवली. रिकामी जागा पांडाज सरासरीत धरतच नाही. उत्तर आलं १२!

"बघा मामा, निकाल सुधारला!"

मामा हसले नाहीत. "काय करायलीस बाई? शून्य टाकलंस तर ते पोरं ढ ठरले. रिकामं सोडलंस तर ते वर्गातच नाहीत. अन् ते तर आईबापासंग ऊसतोडीला गेलेत, दिवाळीपासून."

मी गप्प. मग दिवाळीआधीच्या पहिल्या चाचणीचे मार्क उघडले. तेव्हा सगळे हजर होते. त्या सातांतल्या एका मुलीला गणितात २० पैकी १८. वर्गात सर्वांत जास्त! आणि मी तिला पाच मिनिटांत आधी नापास केलं होतं, मग गायब केलं होतं. दोन्ही वेळा एकेका ओळीत.

प्रोग्राम बरोबरच होता हो. एबीचं काय करायचं हे त्याला मी सांगितलं होतं, न विचारता.

शेवटी सरासरीखाली आणखी एक ओळ छापली : परीक्षा दिली ३१, ऊसतोडीला ७. त्याखाली सात नावं. मामांनी कागदाची घडी करून हजेरीपटात ठेवली. म्हणाले, "आले की घेतो त्यांची चाचणी."

एप्रिलमध्ये मामांना फोन केला. सातपैकी पाच जण परत आलेत, त्यांचे मार्क मी भरले. अठरा मार्कवाली अजून आली नव्हती. तिची जागा माझ्या फाइलमध्ये तशीच आहे. शून्य टाकलेलं नाही.