झेड ड्राइव्ह

रेणापूर, रात्री साडेदहा.

आज दिवसभर भावाच्या आडतीवर होतो. सोयाबीनची आवक जोरात, आणि हिशेबाच्या प्रोग्रामला सर्व्हरवरचा झेड ड्राइव्हच दिसेना. फाइल एक्सप्लोररमध्ये मात्र तोच ड्राइव्ह समोर, विक्रीच्या जुन्या पट्ट्याही उघडत होत्या. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला; काही नाही. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले, ते बघून जीव तुटत होता.

दुपारी ध्यानात आलं, प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडतोय. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोज ॲडमिनिस्ट्रेटर खात्याच्या माणसाला दोन ओळखी देतं, एक साधी, एक पूर्ण अधिकाराची. साध्या ओळखीने जोडलेला सर्व्हरवरचा ड्राइव्ह अधिकाराच्या ओळखीला दिसत नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधली ॲडमिनिस्ट्रेटरची खूण काढली आणि झेड आला! ज्या प्रोग्रामला तो अधिकार लागतोच, त्याला ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यावा. रजिस्ट्रीतूनही दोन्ही ओळखींना ड्राइव्ह दाखवता येतो, पण चालत्या दुकानात तिथे हात घालणं मला पटत नाही.

मुनीमकाकांनी विचारलं, "म्हंजी आपला हिशेब कुठं गेलताच न्हाई?"

"नाही काका, तिथंच होता."

शेवटची पट्टी निघाली तेव्हा रेणुकामातेच्या देवळाकडे दिवे लागले होते.