आज्ञावली वाचणारे

प्रोग्रामर म्हणजे दिवसभर लिहीत बसलेला माणूस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा वीसेक वर्षांचा अनुभव निराळा आहे. आमचा बहुतेक वेळ दुसऱ्याने, आणि बरेचदा केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाने, लिहिलेले वाचण्यात जातो. दोन ओळी बदलण्यासाठी दोन हजार ओळी वाचाव्या लागतात. म्हणून हा व्यवसाय आम्हांला लेखकापेक्षा भाष्यकाराच्या जवळचा वाटतो, आणि त्याविषयीची आमची सारी मते याच एका गोष्टीतून निघतात.

प्रथम भाषांविषयी. १९५९-६० साली आकाराला आलेल्या कोबोलची नव्या पिढीत फार टवाळी होते. पण आज्ञावली माणसाला वाचता यावी, ही चिंता त्या भाषेच्या घडणीतच होती. तिच्यात परिच्छेद आहेत, वाक्ये आहेत, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे. जुन्या कोबोलमध्ये हा पूर्णविराम चुकीच्या जागी पडला की अटीची व्याप्तीच बदलून जाई. विरामचिन्हांचे महत्त्व आम्ही व्याकरणाच्या तासाला नव्हे, तिथे शिकलो. पुढे १९९१ साली गिदो व्हान रॉसम यांच्या पायथॉनने ओळीच्या आरंभी सोडलेली कोरी जागाच व्याकरणाचा भाग केली. पानावर जशी मांडणी दिसते तसाच अर्थ, ही शिस्त आम्हांला मोलाची वाटते. तिला जाच म्हणणाऱ्यांनी बहुधा दुसऱ्याची आज्ञावली फारशी वाचलेली नसते.

साधनांचेही तसेच. बिल जॉय यांनी १९७६ साली लिहायला घेतलेला ‘व्हीआय’ हा संपादक उघडला की अक्षरे उमटत नाहीत. कळा दाबल्या की आपण मजकुरात फिरू लागतो. लिहायचेच असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. आधी वाच, मग लिही, हा संकेत कळफलकातच बसवलेला आहे. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी केलेले ‘गिट’ प्रत्येक बदलाची नोंद ठेवते: कोणी केला, केव्हा केला आणि, करणाऱ्याने लिहिले असेल तर, का केला. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना यात अपरिचित काही वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. बदल करण्याचा अधिकार वाचनातून येतो, ही जाण आमच्या धंद्याच्या फार आधीची आहे.

आता कचेरीविषयी. आम्ही पूर्वी जिथे होतो तिथे विम्याचे हप्ते सांभाळणारी एक जुनी कोबोल आज्ञावली होती. तिच्यात निरुपयोगी दिसणारी एक अट होती. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनाच तिचे कारण ठाऊक होते: ज्यांच्या विम्याची नूतनीकरणाची तारीख २९ फेब्रुवारी येते, त्यांना इतर तीन वर्षांत तारीखच उरत नाही. हे गृहस्थ दिवसदिवस वाचत बसत आणि नवख्यांना समजावून सांगत. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र नव्या कामाचे रकाने होते, वाचनाचा नव्हता. मंदीच्या वर्षी त्यांना निरोप मिळाला. पुढे ती प्रणाली दुसऱ्या गटाने जावामध्ये नव्याने लिहिली, आणि ती अट मृत ओळ समजून गाळली. पुढच्याच फेब्रुवारीत काही विमेदारांचे विमे बंद पडलेले दिसू लागले. कारण शोधायला तीन आठवडे लागले. त्यांना विचारले असते तर तीन मिनिटे लागली असती. पण त्यांना फोन करायचा संकोच सर्वांनाच होता.

हे जुने दुःख आज उगाळण्याचे कारण आहे. २०२१ नंतर ओळी सुचवणारी, आणि आता अख्खी आज्ञावली लिहून देणारी, यंत्रसाधने आमच्या मेजावर आली. आम्ही ती वापरतो, आणि कंटाळवाण्या कामात ती खरोखर उपयोगी पडतात. तक्रार साधनांविषयी नाही. लिहिणे स्वस्त झाले की वाचणे महाग होते, हा हिशेब कचेऱ्यांनी अजून मांडलेला नाही. नवा मुलगा सकाळी पाचशे ओळी मिळवतो. त्या समजून घेण्याची सवड त्याला कोणी देत नाही, आणि ज्याने ती सवय लावली असती तो माणूस रकान्यात न बसल्याने गेलेला असतो. उद्या अशीच एखादी अट गाळली गेली, तर ती कशासाठी होती हे सांगणारा कोण उरेल?

डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली असे मत नोंदवले होते की, गणिती कल सोडला तर मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व हीच चांगल्या प्रोग्रामरची सर्वांत मोठी ठेव होय. आम्हांला ते पूर्ण पटते. म्हणूनच मराठीच्या वर्गात एक उतारा तासभर सावकाश वाचायला लावणाऱ्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे: तुमच्या बाकांवरची काही मुले उद्या आमच्या शेजारी येऊन बसणार आहेत. ‘हे वाक्य इथे का आहे?’ हा प्रश्न त्यांना तुम्हीच शिकवून पाठवा. आमच्याकडे तो शिकवायला आता फारसे कोणी उरलेले नाही.